एका तंट्याचे दोन प्रश्न

पन्हाळगडावर तालुक्याचं न्यायालय आहे. गडावरची वस्ती जेमतेम तीन हजारांची. पण खालच्या वाड्यावस्त्यांचे तंटे वर चढून येतात ते इथेच. न्यायासनावर जे बसतात त्यांचं पदनाम लांबलचक आहे : दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. ते एकदा सावकाश वाचा. माणूस एक, खुर्ची एक, पण कामं दोन. या दोन कामांमध्ये जे अंतर आहे, त्यावर आज थोडा वेळ मन लावू या.

ही रचना ज्या देशातून आपल्याकडे आली त्या इंग्लंडात ही कामं बहुतेक वेगवेगळ्या दारांमागे चालतात. पैशाचे, जागेचे, कराराचे तंटे काउंटी कोर्टात जातात. लहान गुन्हे मॅजिस्ट्रेट कोर्टात, जिथे बऱ्याचदा तीन साधे नागरिक न्यायासनावर बसतात. त्यांना कायद्याची पदवी लागत नाही आणि त्या कामाचा पगारही त्यांना मिळत नाही. गंभीर गुन्हे क्राउन कोर्टात, 12 जणांच्या ज्युरीसमोर. आपल्याकडची ज्युरीची पद्धत हळूहळू गेलीच. पन्हाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी मात्र सकाळी अकराला जमिनीचा दावा ऐकणारी व्यक्तीच बाराला मारामारीचा खटला ऐकते. बोर्डावरचा पुढचा नंबर पुकारला जातो, वकील जागा बदलतात, आणि न्यायाधीशाला आपलं मन बदलावं लागतं. मन बदलणं म्हणजे मत बदलणं नव्हे. समोरचं सगळं ज्या मापाने मोजायचं, ते मापच बदलणं.

आता एक तंटा मनात आणा. खराखुरा कुणाचा नको. वाघबिळाकडून गड चढताना खाली जो ऊस दिसतो, भाताची खाचरं दिसतात, त्यातला एखादा बांध घ्या. बांधाच्या अलीकडे थोरल्या घरचा एक भाऊ, पलीकडे धाकट्या घरचा. आजोबा एक, गट नंबर शेजारशेजारचे. थोरल्याचं म्हणणं, धाकट्याने दरसाल नांगरताना बांध कोरत कोरत दोन फूट आत घेतला. धाकट्याचं म्हणणं, बांध वडिलांच्या वेळेपासून आहे तिथेच आहे. एका सकाळी धाकट्याचा ट्रॅक्टर बांधाला लागतो. थोरला धावत जातो, शब्दाला शब्द वाढतो, त्याच्या हातातल्या फावड्याचा दांडा फिरतो आणि धाकट्याच्या मनगटाचं हाड मोडतं.

घटना एवढीच. आता तिचे दोन कागद होतील.

पहिल्या कागदापाशी बसा. थोरला वकिलाकडे जातो, दावा दाखल करतो. तो वादी, धाकटा प्रतिवादी. कागदाच्या डोक्यावर दोघांचीच नावं. मागणं काय? माझ्या दोन फुटांचा ताबा मला परत द्या आणि पुढे त्याने माझ्या हद्दीत येऊ नये असा हुकूम द्या. दाव्यासोबत मनाईचा अर्ज लागतो. आपल्याकडच्या कोर्टांत तो बहुधा निशाणी 5 ला असतो, म्हणून वकील मंडळी त्याला सरळ ‘नि. 5’ म्हणतात, आणि अशिलाच्या तोंडीही तेच बसतं : ‘नि. 5 चं काय झालं?’ त्या अर्जावर न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात. वरवर पाहता वादीच्या म्हणण्यात तथ्य दिसतं का. मनाई दिली तर आणि नाही दिली तर कोणाची अडचण जास्त. आणि मनाई न दिल्यास पुढे पैशांनी भरून न येणारं नुकसान होईल का. मग प्रतिवादीची कैफियत येते. सातबारा येतो, मोजणीचा नकाशा येतो, गरज पडली तर कोर्ट कमिशनर जागेवर जाऊन पाहणी करतो. आणि साक्षीपुरावा सुरू होण्याआधी न्यायाधीश मुद्दे काढतात.

या मुद्द्यांकडे मी तुमचं लक्ष मुद्दाम वेधतो, कारण न्यायालयाची सगळी शिस्त मला तिथे एकवटलेली दिसते. निकालपत्रात एक तक्ता असतो. डाव्या बाजूला मुद्दे, उजव्या बाजूला निष्कर्ष. डावीकडे लिहिलेलं असतं : प्रतिवादीने वादीच्या गटात अतिक्रमण केलं असल्याचं वादी शाबित करतात काय? उजवीकडे एकच शब्द : होकारार्थी. किंवा नकारार्थी. कुणाचा स्वभाव कसा, लग्नात कोण कोणाला काय बोललं, आजोबांनी कोणावर जास्त जीव लावला, यातलं काहीही त्या तक्त्यात नसतं. वर्षानुवर्षांचा कडवटपणा गाळून एक वाक्य उरतं, आणि ते शाबित करण्याचा भार ज्याने तक्रार आणली त्याच्या खांद्यावर असतो.

इथे थोडं थांबा. तुमच्या मनात कोणाविषयी जुनी तक्रार असेल तर ती आठवा. तिचा मुद्दा काढून पाहा, एका वाक्यात, ‘शाबित होते काय’ असा शेवट करून. सोपं जाणार नाही. ‘तो माणूसच तसला’ हा मुद्दा होत नाही. ‘तिने मला कधी समजूनच घेतलं नाही’ हाही होत नाही. अमुक दिवशी अमुक केलं, एवढंच मुद्द्यात बसतं, आणि बाकीचं बाहेर राहतं. बाहेर राहिलेलं खोटं असतं असं नाही. पण त्यावर दुसऱ्याकडून काही मागता येत नाही.

आता दुसरा कागद. धाकटा हाताला प्लास्टर घालून पोलीस ठाण्यात बसला आहे. हाड मोडलं म्हणजे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत. जुन्या दंडसंहितेचं कलम 325, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 117(2). शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. नुसती थोबाडीत असती तर गुन्हा अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता आला नसता. इथे तसं नाही. फिर्याद लिहून घेतली जाते, पंचनामा होतो, फावडं जप्त होतं, डॉक्टरांचा दाखला येतो, दोषारोपपत्र न्यायालयात जातं. त्या कागदाच्या डोक्यावर पाहा : महाराष्ट्र शासन विरुद्ध थोरला.

धाकट्याचं नाव तिथे नाही. हात त्याचा मोडला, रात्रभर ठणका त्याने सोसला, तरी खटला त्याचा नाही. तो साक्षीदार आहे. सरकारी वकील त्याला पिंजऱ्यात बोलावतील, सरतपास घेतील, आरोपीचा वकील उलटतपास घेईल, आणि काम संपलं की त्याला जायला सांगितलं जाईल.

जखमी माणसाच्या जागी क्षणभर बसून पाहा. आपल्याच दुखण्याचा मालकी हक्क असा काढून घेतला जाणं अन्यायाचं वाटतं, आणि ते वाटणं साहजिक आहे. मी बराच विचार करून ज्या ठिकाणी आलो ते असं : दांडा धाकट्याच्या मनगटावर बसला, पण त्या क्षणी गावातल्या प्रत्येकाचा एक भरवसा मोडला. तंटा झाला तरी हात उगारला जाणार नाही, या भरवशावर लोक एकमेकांच्या शेजारी शेती करतात. तो सगळ्यांचा असतो, म्हणून फिर्यादही सगळ्यांच्या वतीने चालते. याचा दुसरा फायदा धाकट्यालाच आहे. तो गरीब असो, भित्रा असो, भावकीच्या दबावाखाली असो. खटला चालवायचा की सोडून द्यायचा हे त्याच्या एकट्याच्या ताकदीवर ठरत नाही.

पण शासन समोर उभं राहिलं की दुसऱ्या बाजूला उभा असलेला माणूस फार लहान होतो. पोलीस शासनाचे, तुरुंग शासनाचा, कायदा शासनाने केलेला. दिवाणी दाव्यात दोन भाऊ निदान एका उंचीचे असतात. फौजदारीत तसं नाही, आणि म्हणूनच तिथे माप बदलतं.

दिवाणीत न्यायाधीश तागडी धरतात. दोन्ही पारड्यांत पुरावा पडतो. एक पारडं थोडं जरी खाली गेलं, म्हणजे एका बाजूचं म्हणणं जास्त संभवनीय वाटलं, तरी निकाल त्या बाजूने जातो. फौजदारीत तेवढ्याने भागत नाही. आरोपीनेच केलं असावं असं वाटणं पुरत नाही. वाजवी शंका राहिली नाही इथपर्यंत सरकार पक्षाला पोचावं लागतं.

गंमत अशी वाटेल, पण हा फरक आपल्या पुराव्याच्या कायद्यात लिहिलेला नव्हता. 1872 चा तो कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला, आणि ‘शाबित’ कशाला म्हणायचं याची त्यातली व्याख्या दोन्हींकडे एकच होती : शहाण्या माणसाने त्या परिस्थितीत खरं मानून चालावं इतपत खात्री. आता त्या कायद्याच्या जागी नवा आला तरी व्याख्येचा गाभा तोच राहिला. मापं दोन झाली ती न्यायाधीशांच्या हातून. आणि विचार केला तर ते शहाण्या माणसाच्या व्याख्येतूनच निघतं. दोन फूट जमीन चुकून इकडची तिकडे गेली तर अपिलात ती परत येऊ शकते, तिची भरपाई होऊ शकते. शिवाय तिथे चूक कोणत्याही बाजूला झाली तरी नुकसान साधारण सारखंच. तुरुंगात काढलेली तीन वर्षं कोणत्या अपिलात परत देणार? प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देता येते. तीन वर्षं म्हणजे उसाचे तीन हंगाम, लेकराचं पहिलं पाऊल, म्हातारीचं शेवटचं आजारपण. शहाणा माणूस एवढं काढून घेण्याआधी जास्त खात्री मागेलच.

ही खात्री मागण्याची सवय इंग्लंडातल्या न्यायालयांनाही सहज लागलेली नाही. 1934 च्या डिसेंबरात रेजिनाल्ड वूलमिंग्टन नावाच्या एका तरुण शेतमजुराच्या हातातल्या बंदुकीची गोळी लागून त्याची बायको मेली. माहेरी गेलेली ती परत यावी म्हणून आपण स्वतःला मारून घेण्याची धमकी द्यायला गेलो आणि बंदूक चुकून उडाली, असं त्याचं म्हणणं होतं. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की मारलं एवढं सिद्ध झाल्यावर ते अपघाताने झालं हे आरोपीने पटवून द्यायचं असतं. त्याला फाशीची शिक्षा झाली. 1935 मध्ये प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेलं आणि लॉर्ड सँकी यांनी ते उलटवलं. आरोपीने निर्दोषपण सिद्ध करायचं नसतं. गुन्हा सिद्ध करणं हे खटला आणणाऱ्याचं काम, आणि इंग्लिश फौजदारी कायद्याच्या सगळ्या वस्त्रातून हा एक सोनेरी धागा जातो, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. वूलमिंग्टन सुटला. त्या घरात खरंच काय घडलं हे त्या निकालाने सांगितलं नाही. त्याने एवढंच सांगितलं की ज्याबद्दल वाजवी शंका उरते त्याचा भार फासाखाली उभ्या असलेल्या माणसावर टाकायचा नाही.

आता थोरल्याच्या जागी बसा. हे मला या सगळ्या मननात सर्वांत अवघड वाटतं.

त्याच खोलीत, त्याच न्यायाधीशांपुढे, एका तारखेला तो वादी आहे. तिथे त्याने साक्षीला उभं राहायलाच हवं. ज्याला स्वतःला माहीत आहे तो पक्षकार शपथेवर बोलायला येत नाही, उलटतपासाला सामोरा जात नाही, तर त्याचं म्हणणं खरं नसावं असं न्यायालय धरून चालू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मधल्या एका निकालात हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे दिवाणीत गप्प बसणं अंगाशी येतं. दुसऱ्या तारखेला तोच माणूस आरोपी. दोषारोप वाचून दाखवला जातो, गुन्हा कबूल आहे का विचारलं जातं, तो ‘नाही’ म्हणतो, आणि त्यापुढे त्याने एक शब्द बोलला नाही तरी चालतं. राज्यघटनेच्या कलम 20(3) ने त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यापासून वाचवलं आहे. साक्षीदार संपल्यावर न्यायाधीश त्याला पुराव्यातल्या एकेका गोष्टीबद्दल विचारतात तेही शपथेविना. तो पिंजऱ्यात साक्षीला उतरला नाही म्हणून सरकारी वकिलाला त्यावर बोटही ठेवता येत नाही.

तोंड एक, मौन एक, आणि त्याचे अर्थ दोन. घरी, चावडीवर, चहाच्या टपरीवर आपण मौनाचा नेहमी एकच अर्थ लावतो : गप्प आहे, म्हणजे पाणी मुरतंय. जिथे फक्त देण्याघेण्याचा हिशेब आहे तिथे तो अर्थ चालून जाईल. पण जिथे माणसाची अब्रूच पणाला लागली आहे तिथे, भीतीने, शरमेने, कोणाला तरी वाचवण्यासाठी, किंवा काय बोलावं हे न सुचल्यानेही माणूस गप्प बसतो. कोणाच्या तरी अशा मौनावर तुम्ही निकाल दिला असेल, तो आठवा आणि तुम्ही कोणतं माप वापरलं ते पाहा. थोडा वेळ लागू द्या.

हे सगळं ज्या गडावर चालतं त्याने न्यायाची दुसरी रीतही पाहिली आहे. ताराबाईंनी 1710 च्या सुमारास इथून गादी चालवली आणि 1782 पर्यंत करवीर राज्याची राजधानी पन्हाळाच होता. त्या काळात वतनाचा तंटा गोतसभेपुढे जायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमायचे, दोघांच्या तकरिरी, म्हणजे लेखी म्हणणी, घेतल्या जायच्या, जुने कागद पाहिले जायचे, निवाड्याचा महजर, म्हणजे निवाडपत्र, व्हायचा, आणि ज्यांना लिहिता येत नसे ते सहीच्या जागी आपल्या कामाचं चिन्ह काढायचे, कुणबी असेल तर नांगर. त्या सभेबद्दल मला मनापासून आदर आहे. बांध कुठे होता हे माहीत असलेली माणसंच निवाडा करत होती. पण कागद आणि साक्षी दोन्ही थकले की कधी कधी दिव्य करायची पाळी यायची. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून मोहर करायची, आणि काही दिवसांनी सोडून पाहायचं. हात भाजला नसेल तर माणूस खरा.

यावर घाईने हसू नका, तुच्छताही नको. त्या माणसांना काय हवं होतं ते पाहा : संशयाचा कणही न ठेवणारं उत्तर. त्यासाठी त्यांनी हात जाळायची तयारी ठेवली, आणि तेही जमिनीसाठी. आजचं न्यायालय उलट मार्गाने जातं. शंका शिल्लक राहणारच हे ते मान्य करतं, आणि ती कोणाच्या पदरात टाकायची एवढंच आधी ठरवून ठेवतं. जमिनीच्या तंट्यात ती तक्रार आणणाऱ्याच्या पदरात, गुन्ह्याच्या खटल्यात पूर्णपणे शासनाच्या. मला ही कबुली माणसाने केलेल्या मोठ्या कामांपैकी एक वाटते.

म्हणून थोरल्याचे दोन निकाल दोन दिशांना जाऊ शकतात. मोजणीत दोन फूट खरंच धाकट्याकडे निघाले तर दावा थोरल्याचा. आणि साक्षीदार पक्के राहिले तर मनगट मोडल्याबद्दल शिक्षाही थोरल्यालाच. जमीन त्याची होती हे दांडा फिरवण्याचं समर्थन होत नाही. किंवा साक्षीदार फितूर झाले, डॉक्टरांच्या दाखल्यातली तारीख जुळली नाही, तर तो सुटेल; पण त्या सुटकेने बांध त्याचा होणार नाही, आणि धाकटा खोटं बोलला असंही ठरणार नाही. गावात मात्र एका निकालाचा गुलाल दोन्हींकडे उधळला जातो. निर्दोष सुटला म्हणजे बांधही त्याचाच, दावा हरला म्हणजे मारलंही त्यानेच, असं बोललं जातं. न्यायालयाने कष्टाने वेगळे ठेवलेले दोन प्रश्न बाहेर येताच एकमेकांत मिसळतात. माझं दुःख आहे ते याचं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. ते म्हणण्यामागे खरे हाल आहेत. वायद्यावर वायदा, दिवसाची मजुरी बुडवून गड चढणं, आणि ‘साहेब रजेवर’ ऐकून उतरणं. पन्हाळ्याहून दिवाणी अपील कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात जातं, शिक्षेविरुद्धचं सत्र न्यायालयात. त्यांच्यावर उच्च न्यायालय, आणि तिथे दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला तरच दार उघडतं. ते दार इतकी वर्षं मुंबईला होतं, जवळजवळ चारशे किलोमीटरवर. वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकं मागणी लावून धरली, तेव्हा 17 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे ऐकली जाऊ लागली. अंतर कमी झालं की म्हणीतला कडवटपणाही थोडा कमी होईल, असं मला मनापासून वाटतं. पायरी चढू नये हे शहाणपण झालं, तर बांध नेहमी ज्याचा दांडा मोठा त्याचाच राहील.

शेवटी त्या दोघांकडे परत पाहा, पण आता न्यायाधीशांच्या खुर्चीवरून. या खुर्चीला दोन प्रश्न विचारता येतात. जमीन कोणाची, आणि गुन्हा शाबित झाला का. उद्या पाण्याची पाळी आली की हे दोघे एकाच पाटावर कसे उभे राहणार, हा तिसरा प्रश्न तिला निकालपत्रात विचारता येत नाही. लोकअदालतीत तो विचारता येतो. तिथे तडजोड झाली की दोघांच्या सह्यांची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल होते : मोजणीच्या खुणांवर दगड रोवायचे, मोजणीचा खर्च निम्मा निम्मा, ट्रॅक्टर बांधापासून एक हात लांब. त्यावर झालेला निवाडा हुकूमनाम्यासारखाच पक्का असतो, त्यावर अपील नसतं, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. फौजदारी प्रकरण मात्र या पुरसिसीने आपोआप मिटत नाही. साधी दुखापत असती तर धाकट्याला ती स्वतःहून मिटवता आली असती. हाड मोडलं आहे, म्हणून त्याने वेगळा अर्ज करायचा, आणि न्यायालयाने तो त्याने स्वखुशीने केला आहे का, कुणाच्या धाकाने तर नाही ना, हे त्याला विचारून मगच परवानगी द्यायची.